इंग्रजी अर्जातले जुळे शब्द: लाल रेघ येत नाही, तरी चूक असते

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी तहसील कचेरीसमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. मराठी अर्ज तर रोजचेच. पण बँकेला पत्र, विमा कंपनीला दावा, पोरांचे बायोडाटा, कृषी महाविद्यालयातल्या मुलांचे प्रकल्प अहवाल असे इंग्रजी कागदही दिवसाला पाच-सात होतात. त्यात एकच दुखणं, सारखे वाजणारे दोन इंग्रजी शब्द एकमेकांच्या जागी पडण्याचं, वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा येतं आणि मी ते पुन्हा पुन्हा दुरुस्त करतो. ज्यांना स्वतःचं पत्र स्वतः लिहायचं आहे, किंवा माझ्यासारखं दुकान चालवायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

लक्षणं अशी दिसतात:

चुकीच्या शब्दाखाली कॉम्प्युटर जी लाल रेघ ओढतो ती कुठेच नाही, तरी वाक्याचा अर्थ भलताच लागतो.

मोठ्यानं वाचलं की कानाला सगळं बरोबर वाटतं.

एकच शब्द एकाच कागदात दोन तऱ्हांनी आलेला असतो. वर लायसन्स सी ने, खाली एस ने.

साहेब एका शब्दाभोवती पेनानं गोल करून कागद परत करतात आणि काय चुकलं ते सांगत नाहीत.

मोबाइलवर लिहिलेला मजकूर दुकानात येईपर्यंत त्यातला एखादा शब्द मोबाइलनंच बदललेला असतो.

यातलं एक जरी दिसलं तरी स्पेलिंग चुकलेलं नाही, शब्द चुकला आहे असं समजा. लाल रेघेचा अर्थ एवढाच की हा शब्द मशीनच्या कोशात नाही. तुम्ही लिहिलेला शब्द कोशात असेल, फक्त तुम्हाला हवा तो नसेल, तर मशीन बहुतेक वेळा गप्प बसतं. दुसरं कारण आपल्या शिकण्यात आहे. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधीची आमची पिढी पाचवीत पहिल्यांदा ए-बी-सी-डी गिरवायला बसली, आणि गाईडमध्ये शब्दापुढे देवनागरीत छापलेला उच्चार पाठ करत शिकली. देवनागरीत प्रिन्सिपल एकच. इंग्रजीत ते दोन शब्द आहेत.

या चुकीचं मला गांभीर्य कळलं ते दुकान टाकल्यावर दुसऱ्याच वर्षी. एक बाई अपघात विम्याचं पत्र टाइप करायला आल्या. नवरा वावरात वीज पडून गेला होता. वहीच्या पानावर कोणीतरी इंग्रजी लिहून दिलं होतं, मी ते जसंच्या तसं उतरवलं. चार दिवसांनी त्या परत आल्या, सोबत बारावीत शिकणारी मुलगी. मुलीनं पत्रातल्या एका शब्दावर बोट ठेवलं. बाई म्हणाल्या, "भाऊ, पोरगी म्हणते का इथं रोगट लिहिलं. माया माणसाले काहीच रोग नव्हता जी." मी बघितलं. मयत या अर्थाचा डी-ई-सी वाला डिसीस्ड पाहिजे होता. कागदावर होता डी-आय-एस वाला, म्हणजे आजारी, रोग जडलेला. दावा अपघाताचा आणि पत्र सांगत होतं की माणूस आजारी होता. कागद अजून दिलेला नव्हता म्हणून निभावलं. त्या दिवसापासून मी खालच्या तपासण्या लावल्या. क्रम सोप्याकडून अवघडाकडे आहे, तो मोडू नका. बहुतेक चुका पहिल्या तीनमध्येच सापडतात.

पहिली तपासणी: छापील कागद समोर ठेवा

याला एक पैसा लागत नाही. ज्या कार्यालयाला पत्र द्यायचं त्याच कार्यालयाचा एखादा छापील कागद शोधा: कर्जाचं मंजुरीपत्र, विम्याची पॉलिसी, जुनी नोटीस. मुद्दल, वारस, विमा रक्कम हे शब्द तिथे छापलेले असतात. तिथलं एकेक अक्षर बघून उतरवा. यानं फायदा दुहेरी होतो. शब्द बरोबर येतो, आणि समोरचा माणूस रोज जो शब्द वाचतो तोच त्याला दिसतो. वारस दाखल्याच्या अर्जातला एच-ई-आय-आर वाला शब्द, म्हणजे वारस, मी कित्येकदा एच-ए-आय-आर असा लिहून आलेला पाहिला आहे. त्याचा अर्थ केस होतो. वारस वाल्या शब्दात एच मुका असतो, उच्चार एअर असा होतो. पण आपण तो हेअर असाच म्हणतो आणि तिथेच हात घसरतो.

दुसरी तपासणी: मशीनची भाषा आणि मोबाइलची लुडबुड

वर्डच्या खिडकीत खाली डाव्या बाजूला भाषा दिसते. तिथे अमेरिकन इंग्रजी असेल तर भारतातली किंवा ब्रिटिश लावा. आपल्याकडचा सरकारी व्यवहार ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत चालतो. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे, त्यात वाहन चालवण्याचा परवाना सी वाल्या स्पेलिंगनं लिहिला आहे. अमेरिकन पद्धतीत नाम असो की क्रियापद, दोन्हीकडे एस असतो. भाषा चुकीची लावली की मशीन बरोबर शब्दालाच चूक ठरवतं आणि आपण घाबरून तो बदलतो.

व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर असेल तर तो लिहिणाऱ्याला समोर बसवून एकदा वाचा. मोबाइलचा कीबोर्ड आय-टी-एस च्या मध्ये स्वल्पविरामासारखं वरचं चिन्ह स्वतःहून घालतो. चिन्हासकट त्या शब्दाचा अर्थ 'ते आहे' किंवा 'ते झालं आहे', चिन्हाशिवाय 'त्याचा, त्याची, त्याचे'. दर वेळी 'ते आहे' किंवा 'ते झालं आहे' घालून वाक्य वाचा. बसलं नाही तर चिन्ह काढा. याच्यावर यापेक्षा जास्त वेळ घालवू नका.

तिसरी तपासणी: शोधून बघा, पण सरसकट बदलू नका

माझ्या मॉनिटरच्या बाजूला भिंतीवर पुठ्ठा लावलेला आहे. ज्या जोड्यांनी मला दगा दिला त्या सगळ्या त्याच्यावर आहेत. इंग्रजी कागद पूर्ण झाला की कंट्रोल आणि एफ दाबून त्या जोड्यांतला एकेक शब्द शोधतो. अख्खा शब्द शोधण्याची खूण करायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्या लांब शब्दाच्या पोटातली तीच अक्षरंही सापडत राहतात.

शोधलं की प्रत्येक जागी थांबा. सगळे एकदम बदलणारं बटण दाबू नका, कारण जोडीतले दोन्ही शब्द एकाच कागदात बरोबर असू शकतात. कापूस खरेदीवरच्या एका अहवालात नुकसान होणे या अर्थी सगळीकडे दोन ओ वाला लूज पडला होता. पाहिजे होता एक ओ वाला. टाइप करणाऱ्या पोरानं एका दमात सगळे बदलले. मग ज्या ओळीत सुटा कापूस, म्हणजे गाठ न बांधलेला मोकळा कापूस असं होतं, तिथेही एक ओ झाला आणि नवीन चूक घुसली. सुटा, सैल, ढिला म्हणजे दोन ओ. गमावणे म्हणजे एक ओ. दोन ओ सैल पसरलेले, एक गमावला की एकच उरतो, असं मी पोरांना सांगतो.

चौथी तपासणी: शब्दाच्या जागी मराठी शब्द ठेवा

इथे मात्र बैठक मारा. माझ्या अनुभवात ही तपासणी सगळ्यात भरवशाची आहे. इंग्रजी शिकवणारे सांगतात की इंग्रजीत विचार करा. संपादन करताना मी उलट सांगतो. जे शब्द इंग्रजीत सारखे वाजतात ते मराठीत एकमेकांच्या जवळपासही नसतात. म्हणून शंका आलेल्या शब्दावर बोट ठेवा आणि विचारा, मला इथे मराठीत काय म्हणायचं होतं? मग तो मराठी अर्थ ज्या स्पेलिंगला बांधलेला आहे तेच स्पेलिंग आहे का ते बघा.

आपल्या भागातल्या कागदांत रोज लागणाऱ्या जोड्या घेतो.

पेरणे आणि शिवणे. दोन्हींचा उच्चार सो. पेरण्याला एस-ओ-डब्ल्यू, शिवण्याला एस-ई-डब्ल्यू. दोन हेक्टरवर सोयाबीन शिवलं असं लिहिलेलं पत्र मी बँकेत जाताजाता थांबवलं आहे. शिलाई मशीनच्या अर्जात याच्या उलट होतं.

गाठ आणि जामीन. दोन्ही बेल. रुईची गाठ बी-ए-एल-ई, आपल्याकडे ती १७० किलोची धरतात. जामीन बी-ए-आय-एल. आमच्या दुकानात जिनिंगवाले येतात आणि कोर्टातलेही येतात, त्यामुळे दोन्ही शब्द एकाच दिवशी टाइप होतात. बोटांना सवय लागते आणि सकाळचा शब्द दुपारच्या कागदात उतरतो.

मुद्दल आणि तत्त्व. दोन्ही प्रिन्सिपल. मुद्दल, तसंच मुख्याध्यापक किंवा प्राचार्य, यांच्या शेवटी ए-एल. तत्त्वाच्या शेवटी एल-ई, जसा नियम या अर्थाच्या रूल शब्दाच्या शेवटी असतो. पैशाच्या कागदात अमाउंटचा ए आठवा.

माफी आणि डगमगणे. कर्जमाफीचा वेव्हर डब्ल्यू-ए-आय नं सुरू होतो. आय गळला तर उरलेल्या शब्दाचा अर्थ डळमळणे, मनाची चलबिचल होणे असा होतो. २००८ ची केंद्राची माफी, २०१७ ची आणि २०१९ ची राज्याची, या तिन्ही वेळी हा एक आय गळलेले अर्ज गठ्ठ्यानं आले होते.

वाट आणि जास्त. हायवेच्या कामात एका कास्तकाराची पांदण बुजली. कंत्राटदार कंपनीचे साहेब बाहेरचे, म्हणून पत्र इंग्रजीत. त्याला वावरात जायला वाट पाहिजे होती, म्हणजे ए-डबल सी नं सुरू होणारा ॲक्सेस. पत्रात पडला ई-एक्स-सी वाला एक्सेस, म्हणजे जादा, प्रमाणाबाहेर. वाचणाऱ्याला वाटलं की हा माणूस हक्कापेक्षा जास्तीचा रस्ता मागतो आहे. अतिवृष्टीच्या अर्जात मात्र ई-एक्स-सी वालाच लागतो.

विमा आणि खात्री. विमा उतरवणे म्हणजे आय नं सुरू होणारा इन्शुअर. खात्री करणे, होईल असं बघणे म्हणजे ई वाला. पिकाला आय लावा, साहेबांना विनंती करताना ई लावा.

गुरं आणि किटली. इथे मराठी लिपीच मदतीला येते. इंग्रजीतले स्वर लिहिता यावेत म्हणून आपण ॲ आणि ऑ वापरतो. कॅटल म्हणजे गुरंढोरं, त्यात ए आहे. केटल म्हणजे किटली, त्यात ई आहे. दॅन म्हणजे 'पेक्षा', देन म्हणजे 'मग'. अडॅप्ट म्हणजे जुळवून घेणे, अडॉप्ट म्हणजे स्वीकारणे, दत्तक घेणे. ठिबक सिंचन स्वीकारलं असेल तर ऑ, आणि ते आपल्या जमिनीप्रमाणे बदलून घेतलं असेल तर ॲ. म्हणून इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून ठेवायचा असेल तर चंद्र काढायचा आळस करू नका. तो चंद्र सुटला की पुढे स्पेलिंगही चुकतं.

दुकानांच्या पाट्यांवर दिसणारा स्टेशनरी हाही यातलाच. वह्या-कागद विकणाऱ्याच्या शब्दात शेवटी ई-आर-वाय, जसा पेपरच्या शेवटी ई-आर. ए-आर-वाय वाल्याचा अर्थ एका जागी उभा, न हलणारा.

पाचवी तपासणी: 'करणे, देणे, होणे' कुठे गेलं ते बघा

काही जोड्यांत मराठी अर्थही एकच निघतो आणि चौथी तपासणी अडते. सगळ्यात जास्त त्रास अफेक्ट आणि इफेक्ट देतात. दोन्हीकडे मराठीत परिणाम. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भातली पऱ्हाटी खाल्ली तेव्हा नुकसानीचे अर्ज लिहिताना मला याच जोडीनं रडवलं. तेव्हा मी ही युक्ती बसवली.

मराठीत आपण परिणाम करणे, परिणाम होणे, सल्ला देणे असं दोन शब्दांत बोलतो. इंग्रजी शब्दानं तो 'करणे, देणे, होणे' गिळला आहे का ते बघा. अळीनं पिकावर परिणाम केला, यातलं 'केला' इंग्रजी वाक्यात वेगळं दिसत नसेल तर ते शब्दाच्या पोटात गेलं आहे. म्हणजे शब्द क्रियापद आहे आणि ए वाला अफेक्ट पाहिजे. 'झाला', 'आहे', 'दिसला' यांच्यासाठी वेगळा इंग्रजी शब्द दिसत असेल तर परिणाम नुसतं नाम उरलं, तिथे ई वाला. बाधित क्षेत्र, बाधित कास्तकार असं म्हणायचं असेल तर डोळे मिटून ए.

याला एक अपवाद आहे आणि महसुलाच्या कागदात तो नेहमी लागतो. फेरफार घेणे, नोंद अंमलात आणणे या अर्थी ई वाला इफेक्टच क्रियापद म्हणून येतो. अमुक तारखेपासून लागू, हे सांगतानाही ई. तलाठ्याला किंवा बँकेला लिहिलेल्या पत्रात हा ई दिसला तर तो सुधारायला जाऊ नका.

सल्ल्यालाही, म्हणजे ॲडव्हाइस आणि ॲडव्हाइझ या जोडीलाही, हीच युक्ती. नुसता सल्ला म्हणजे सी, त्यात बर्फ या अर्थाचा आइस दडलेला आहे आणि बर्फ वस्तू आहे. सल्ला देणे म्हणजे एस. परवाना म्हणजे सी, परवाना देणे म्हणजे एस. म्हणून कृषी केंद्राच्या पाटीवर परवाना क्रमांक लिहिताना सी येतो, आणि परवानाधारक विक्रेता लिहिताना, तो शब्द क्रियापदातून निघालेला असल्यामुळे, एस. एकाच पाटीवर दोन्ही आले तर पेंटर भांडतो, पण दोन्ही बरोबर असतात.

उसने या शब्दापाशी मात्र जपून. मराठीत उसने एकच, घेणे-देणे मागून येतं. इंग्रजीत घेण्याला बॉरो आणि देण्याला लेंड असे वेगळे शब्द. बँकेकडून पन्नास हजार लेंड केले असं लिहिलं तर तुम्हीच बँकेला पैसे दिले असा अर्थ होतो.

सहावी तपासणी: छापून, उलटं आणि दुसऱ्याच्या डोळ्यांनी

इथून खर्च सुरू होतो, वेळेचा आणि कागदाचा. मोठा अहवाल असेल तर एक कच्ची प्रत छापा आणि पट्टी धरून शेवटच्या ओळीकडून वर या. वरून खाली वाचताना मेंदू पुढचा शब्द आधीच ठरवून टाकतो आणि समोर काय छापलं आहे ते बघत नाही. उलटं वाचलं की प्रत्येक शब्द सुटा दिसतो.

कॉम्प्युटरला मोठ्यानं वाचायला लावायची सोय आहे. ती शांत या अर्थाचा क्वाएट आणि बऱ्यापैकी या अर्थाचा क्वाइट यांच्यासारख्या, थोडं वेगळं वाजणाऱ्या जोड्यांसाठी वापरा. मुद्दल-तत्त्व, पेरणे-शिवणे इथे ती काहीच कामाची नाही, आवाज एकच येतो. याच कारणानं कोणाकडून वाचून घेऊन कानानं तपासणं मी बंद केलं. दुसऱ्याला दाखवायचं तर कागद त्याच्या हातात द्या. शक्यतो ज्याला विषय माहीत नाही पण इंग्रजी बरं आहे असा माणूस बघा. आमच्याकडे हे काम बारावीच्या मुली सगळ्यात चांगलं करतात, आणि पानामागे त्यांना पैसे देतो.

कुठे थांबायचं

शपथपत्र, खरेदीखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र, मुखत्यारपत्र, कोर्टाचा कोणताही कागद: यात शब्द चुकलेला दिसला तरी स्वतः बदलू नका. तिथे एका शब्दावर हक्क ठरतो, आणि तुम्हाला चूक वाटणारा शब्द कायद्याच्या भाषेत बरोबर असू शकतो. वकिलाकडे जा. मी स्वतः अशा कागदाला वकिलाच्या सहीशिवाय हात लावत नाही.

कागद नोंदला गेला असेल तर खाडाखोड अजिबात नको. नोंदणीकृत खरेदीखतातली चूक चूकदुरुस्तीचा दस्त करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. सातबाऱ्यावरच्या लेखनप्रमादासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ मधल्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करतात, तो अर्ज मराठीत चालतो.

दवाखान्याचा रिपोर्ट पुन्हा टाइप करून द्या म्हणणारे लोक येतात. मी नाही म्हणतो. इलियम हा शब्द आय-एल-आय असा लिहिला तर कमरेचं हाड आणि आय-एल-ई असा लिहिला तर लहान आतड्याचा शेवटचा भाग. कोणता बरोबर ते फक्त डॉक्टर सांगू शकतात, त्यांच्याकडूनच नवीन प्रत घ्या.

पदवीचा प्रबंध किंवा छापायला जाणारा लेख सहा तपासण्या करूनही डळमळीत वाटत असेल तर पैसे देऊन संपादकाला द्या.

वकिलाकडे किंवा डॉक्टरकडे जाताना मूळ कागदावर काही लिहू नका. झेरॉक्स काढा, शंकेच्या शब्दाखाली पेन्सिलनं रेघ मारा आणि बाजूला, तुम्हाला काय म्हणायचं होतं तो मराठी शब्द लिहा. त्या बाईंच्या पत्राच्या जुन्या प्रतीवर मुलीनं असंच लिहिलं होतं, एकच शब्द: मयत.